सतलजवरील हुसैनीवालाचा पूल

आपल्या बऱ्हाणपूरच्या स्थानकावर रोज थांबणाऱ्या गाड्यांत पंजाब मेल ही फार जुनी गाडी आहे. १ जून १९१२ च्या सुमारास ती मुंबईच्या बॅलार्ड पिअर मोल स्थानकावरून प्रथम निघाली, असे रेल्वेकडून सांगण्यात येते. विलायतेहून आगबोटीने आलेली टपाल आणि तिच्यासोबत उतरलेले गोरे अंमलदार यांना वायव्य सरहद्दीपर्यंत पोहोचविण्यासाठी ही गाडी योजिलेली होती. फाळणीपूर्वी ती भुसावळ, बऱ्हाणपूर, खंडवा, इटारसी, आग्रा, दिल्ली, भटिंडा, फिरोजपूर, कसूर आणि लाहोर अशी वाट तुडवीत पेशावरला जात असे. सुमारे २,४९६ किलोमीटरचे हे अंतर ती ४७ तासांत कापीत असे. आज ती फिरोजपूर छावणीच्या स्थानकावर संपते. गाडीचे नाव पंजाब मेलच राहिले. पंजाब मात्र मध्येच तुटला.

फिरोजपूर येथे रेल्वेने थांबावे असे तेथील भूगोलात काहीच नाही. तेथे समुद्र नाही, डोंगर नाही, वाळवंट नाही. पुढेही तीच सपाट, गव्हाची जमीन आहे, तीच भाषा आहे आणि पंचवीस-तीस किलोमीटरांवर कसूर शहर आहे. मध्ये एकच गोष्ट आहे : सतलज नदी. आणि त्या नदीवर, फिरोजपूरपासून दहा-अकरा किलोमीटरांवर हुसैनीवाला या ठिकाणी, एका जुन्या पुलाचे अवशेष उभे आहेत. हा पूल कसा बांधला गेला, त्याने काय काय जोडले आणि तो कोणत्या क्रमाने निकामी झाला, हे समजावून देणे एवढाच या लेखाचा हेतू आहे. नकाशावर आपण सीमा म्हणून एक रेघ पाहतो. ती रेघ प्रत्यक्ष जमिनीवर, पाण्यावर आणि लोखंडावर काय करते, हे पाहण्यास हुसैनीवालासारखे दुसरे ठिकाण क्वचितच सापडेल.

लाहोर हे नाव आज आपल्या कानाला परके वाटते. परंतु बऱ्हाणपूरला ते कधीच परके नव्हते. ज्या अब्दुर्रहीम खानखानानच्या काळात, १६१५ च्या सुमारास, आपला कुंडी भंडारा आकारास आला, त्याचा जन्म १५५६ साली लाहोरचाच. दख्खनच्या मोहिमांवर निघालेला प्रत्येक मोगल सरदार दिल्ली-आग्र्याकडून येऊन तापीकाठी थांबत असे, कारण तापी ही उत्तर हिंदुस्थान आणि दख्खन यांच्यामधील पायरी होती. लोधीपुऱ्यातील दर्गाह-ए-हकीमीच्या दर्शनासाठी आजही देशोदेशींचे दाऊदी बोहरा यात्रेकरू आपल्या गावी येतात, आणि त्या समाजाची मोठी वस्ती कराचीतही आहे. सांगायचे इतकेच की, सतलजवरील पुलाची गोष्ट ही आपल्याला दूरची गोष्ट नव्हे.

सतलज ही दोन सत्तांमधील सीमा १९४७ मध्ये पहिल्यांदाच झाली, असेही नाही. १८०५ मध्ये यशवंतराव होळकर इंग्रजांविरुद्ध मदत मिळविण्यासाठी सतलज ओलांडून अमृतसरकडे गेले. लॉर्ड लेकचे सैन्य त्यांच्या पाठीवर होते. रणजितसिंहांनी लष्करी मदत दिली नाही, आणि डिसेंबर १८०५ मध्ये बियासच्या काठी होळकरांना इंग्रजांशी तह करावा लागला. मराठ्यांची ही वाट बंद झाल्यावर चारच वर्षांनी इंग्रजांनी रणजितसिंहांनाही एका तहाने बांधून घेतले. २५ एप्रिल १८०९ च्या अमृतसरच्या तहाने सतलज ही लाहोर दरबार आणि कंपनी सरकार यांच्यामधील हद्द ठरली. फिरोजपूर ही पुढे इंग्रजांची या हद्दीवरची छावणी झाली.

ही हद्द ३६ वर्षे टिकली. डिसेंबर १८४५ मध्ये शीख सैन्याने सतलज ओलांडली आणि १० फेब्रुवारी १८४६ रोजी फिरोजपूरच्या वरच्या अंगाला सोबराँव येथे निर्णायक लढाई झाली. शीख सैन्याने नदी पाठीशी घेऊन मोर्चे बांधले होते, आणि त्यांच्या पाठीमागे होड्यांचा एक पूल होता. पराभूत सैन्य माघारी वळले तेव्हा हा पूल तुटला आणि हजारो माणसे नदीत बुडाली. पुलाच्या होड्या त्यांच्याच सेनापतींनी हलविल्या, हा आरोप इतिहासकार आजही तपासून पाहतात. १८४९ मध्ये पंजाब इंग्रजी राज्यात खालसा झाला आणि सतलजचे दोन्ही काठ एकाच सरकारच्या हाती आले. पुढे लोखंडी पूल बांधता आला तो त्यामुळेच, हे ध्यानात ठेवावे. अशा पुलाला दोन काठांवर दोन पाय रोवावे लागतात; दोन्ही काठांवर पाय रोवू देणारी सत्ता नसेल, तर अभियंत्याचे काही चालत नाही.

आता पुलाच्या बांधणीकडे वळू. आपल्या परिसरातील विद्यार्थ्याला पंजाबातील नद्यांची अडचण सहज कळणार नाही. आपल्या तापीच्या पात्रात ठिकठिकाणी काळा खडक उघडा दिसतो. अशा ठिकाणी पात्राचा तळ खडकाचा, काठ ठरलेले आणि बांधकामाला उत्तम दगड हाताशी. पंजाबच्या नद्यांचे तसे नाही. हिमालयातून आलेला गाळ हजारो वर्षे साचून ही जमीन तयार झाली आहे, आणि नदीखाली कितीही खोल गेले तरी वाळू व गाळच लागतो. त्यातच या नद्या भटक्या आहेत. उन्हाळ्यात एका कोपऱ्यातून वाहणारी धार पावसाळ्यात कित्येक किलोमीटर दूर सरकते. पूर आला की वरून पाणी वाढते आणि खालून तळ खरवडला जातो. उथळ दिसणारे पात्र पुराच्या चार दिवसांत कित्येक पुरुष खोल होते आणि पूर ओसरताच पुन्हा वाळूने भरून निघते. वरवर पायाभरणी केलेला खांब अशा वेळी उलटून पडतो. पंजाबातील पहिल्या पिढीच्या रेल्वेपुलांनी हा अनुभव पुरेपूर घेतला.

यावर उपाय सापडला तो विहिरीचा. खांब जेथे उभा करायचा तेथे लोखंडी धारेचे एक मोठे कडे वाळूवर ठेवीत. त्या कड्यावर विटांचा गोल रुंद कठडा बांधीत. मग आतील वाळू उपसून काढू लागले की, हे सारे बांधकाम स्वतःच्या भाराने खाली उतरू लागे. जसजसे ते खाली जाई, तसतसे वरून आणखी विटांचे थर चढवीत. अशा रीतीने नदी कितीही खरवडली तरी पोहोचणार नाही इतक्या खोलीवर विहीर गेली, की तिचा तळ काँक्रीटने बंद करून आतील भाग भरून टाकीत आणि तिच्या माथ्यावर पुलाचा खांब उभा करीत. विहीर सरळ उतरणे फार महत्त्वाचे असे. एका बाजूची वाळू आधी निघाली तर ती कलते, आणि कललेली विहीर सरळ करणे हे काम किती कठीण असते, हे विहीर खोदणाऱ्या आपल्याकडील कारागिरांनाही ठाऊक आहे. कुंडी भंडाऱ्याच्या शंभराहून अधिक कुंड्या पाण्याच्या शोधात जमिनीखाली उतरल्या. पंजाबातल्या या विहिरी पाण्याखाली उतरून पायाला जागा शोधीत होत्या.

दुसरा प्रश्न नदीच्या भटकण्याचा. पूल बांधून झाला आणि नदीच त्याला वळसा घालून दुसरीकडून वाहू लागली, तर पुलाचे काय करायचे? रुंदी संपूर्ण झाकणारा पूल बांधणे फार खर्चाचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जे. आर. बेल या अभियंत्याने रूढ केलेली युक्ती अशी की, पुलाच्या दोन्ही टोकांपासून नदीच्या वरच्या अंगाला दूरवर मातीचे भक्कम बांध घालायचे, त्यांचे नदीकडील अंग दगडांनी मढवायचे आणि नदीला नरसाळ्यातून यावे तसे पुलाखालील गाळ्यांतून येण्यास भाग पाडायचे. हे बांध आजही बेलच्या नावाने ओळखले जातात. पूल बांधणे म्हणजे नदीवरून वाट काढणे असे आपण समजतो. पंजाबात पूल बांधणे म्हणजे प्रथम नदीला एका जागी उभे करणे होय.

फिरोजपूरचा रेल्वेपूल १८८७ मध्ये पुरा झाला. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचे ते सुवर्णमहोत्सवी वर्ष होते, आणि तिच्या ‘कैसर-इ-हिंद’ या पदवीवरून पुलाचे नाव ठेवण्यात आले. त्या वेळी लाहोरच्या ‘सिव्हिल अँड मिलिटरी गॅझेट’ या वृत्तपत्रात एकवीस वर्षांचा रडयार्ड किपलिंग नोकरीस होता. पुलाचे काम पाहून त्याने मार्च १८८७ मध्ये त्या पत्रात लेख लिहिला. पुढे १८९३ मध्ये त्याने ‘द ब्रिज बिल्डर्स’ ही कथा लिहिली. त्या कथेतील पूल गंगेवरचा असला, तरी तिचे काही धागे सतलजच्या या पाहणीत आहेत असे अभ्यासक मानतात. किपलिंगला साम्राज्याचा अभिमान होता आणि तो त्याच्या लेखनात उघड दिसतो. परंतु त्याच्या लेखनाबाहेरही एक गोष्ट राहते. विहिरीतून वाळू उपसणारे, विटा वाहणारे, रिव्हेट ठोकणारे हात कोणाचे होते, त्यांची नावे कोठेच नाहीत. पुलाला नाव मात्र राणीचे मिळाले.

या रेल्वेपुलाजवळच चाळीस वर्षांनी दुसरे मोठे बांधकाम उभे राहिले, आणि पुढील सारा तंटा समजण्यासाठी ते नीट पाहिले पाहिजे. सतलज खोरे योजनेखाली पंजाब सरकार, बहावलपूर आणि बिकानेर ही संस्थाने यांच्यात १९२० मध्ये करार झाला, आणि त्यानुसार १९२७ पर्यंत येथे फिरोजपूर हेडवर्क्स तयार झाले. हेडवर्क्स म्हणजे नदीवर आडवा घातलेला दरवाजांचा बंधारा. दरवाजे खाली केले की, पाण्याची पातळी वाढते आणि ते बाजूंच्या कालव्यांत शिरते. या बंधाऱ्यावरूनच रस्ता जातो, म्हणून तो पूलही आहे. त्याच्या डाव्या अंगाने निघणारा एक कालवा बिकानेरच्या वाळवंटाकडे गेला. महाराजा गंगासिंह यांच्या नावाने तो गंग कालवा म्हणून ओळखला जातो. २६ ऑक्टोबर १९२७ रोजी लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते तो सुरू झाला. वाळूत पाणी जिरून जाऊ नये म्हणून त्याला आतून अस्तर करण्यात आले होते. उजव्या अंगाने दिपालपूर कालवा निघाला आणि तो मिंटगोमरी जिल्ह्यातील शेतांकडे गेला. एकाच बंधाऱ्याचे पाणी असे दोन विरुद्ध दिशांना जाऊ लागले. ज्या दिवशी या दोन दिशा दोन देशांच्या झाल्या, त्या दिवशी हा बंधारा भांडणाचे घर झाला.

त्याआधी या जागेवर जे घडले त्यामुळे ती मराठी माणसाला विसरता येणार नाही. २३ मार्च १९३१ रोजी सायंकाळी लाहोरच्या मध्यवर्ती कारागृहात भगतसिंग, सुखदेव आणि शिवराम हरी राजगुरू यांना फाशी देण्यात आले. बाहेर जमलेला जनसमुदाय खवळेल या भीतीने त्यांचे मृतदेह रातोरात कसूरच्या वाटेने सतलजकाठी आणण्यात आले, आणि अंधारात घाईघाईने त्यांना अग्नी देण्यात आला. राजगुरूंचा जन्म २४ ऑगस्ट १९०८ चा, पुणे जिल्ह्यातील भीमाकाठच्या खेडचा. खेडचे नाव आता राजगुरुनगर आहे. त्यांच्या वयाची तेवीस वर्षेही पुरी झाली नव्हती. फाशी लाहोरला आणि चिता हुसैनीवालाला, या दोन ठिकाणांमध्ये त्या रात्री कोणतीही सीमा नव्हती. होता तो एकाच प्रांताचा एक रस्ता. सोळा वर्षांनी त्याच रस्त्यावर देशाची हद्द येणार आहे, असे त्या रात्री कोणाच्या मनातही आले नसेल.

सर सिरिल रॅडक्लिफ ८ जुलै १९४७ रोजी भारतात आले. यापूर्वी ते या देशात कधी आले नव्हते. पाच आठवड्यांत त्यांना पंजाब व बंगाल यांच्या विभागणीची रेघ आखावयाची होती. फिरोजपूर तहसिलीत मुसलमानांचे मताधिक्य होते. परंतु तेथील हेडवर्क्सवर बिकानेरचा कालवा अवलंबून होता आणि फिरोजपुरात मोठा शस्त्रागार होता. ८ ऑगस्ट १९४७ रोजी व्हाइसरॉयचे सचिव जॉर्ज ॲबेल यांच्याकडून लाहोरला जो कच्चा आराखडा गेला, त्यात फिरोजपूर आणि झिरा या तहसिली पाकिस्तानात दाखविल्या होत्या. त्यानंतर काही दिवसांतच तो भाग आराखड्यातून वगळण्यात आला. या काळात बिकानेर संस्थानाने आपल्या कालव्यासाठी व्हाइसरॉयकडे धाव घेतली होती. १७ ऑगस्टला निवाडा जाहीर झाला तेव्हा फिरोजपूर भारतात होते. रॅडक्लिफ यांचे सचिव ख्रिस्तोफर बोमंट यांनी १९९२ मध्ये या बदलाबाबत जाहीरपणे लिहिले, आणि तो वाद अद्याप संपलेला नाही. बदल दबावाखाली झाला की विचारपूर्वक झाला, यावर दोन्ही देशांत मते ठरलेली आहेत. माझ्या मते त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. एक बंधारा आणि त्याचे दोन कालवे ही जी एक जोडलेली व्यवस्था होती, तिला कोणत्याही रेघेने न कापता जाणे शक्यच नव्हते. फिरोजपूर पाकिस्तानात गेले असते, तर बिकानेरने तेच भोगले असते जे पुढे दिपालपूरने भोगले.

निवाड्यात आणखी एक कलम होते, जे फारसे कोणी वाचत नाही. सतलजच्या भागात जिल्ह्यांची जुनी हद्द हीच सीमा राहील, नदीचा प्रत्यक्ष प्रवाह नव्हे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. वरवर पाहता ही शहाणपणाची तजवीज होती, कारण भटकणाऱ्या नदीवर सीमा ठेवली, तर सीमाही भटकेल. परंतु परिणाम असा झाला की, नदीच्या पलीकडे काही जमीन भारताची राहिली आणि अलीकडे काही पाकिस्तानची. हुसैनीवालाला बंधाऱ्यापलीकडील काठावर भारताचा एक छोटा तुकडा आहे. तेथे जाण्याची वाट पुलावरूनच आहे. म्हणजे येथील पूल दोन देशांना जोडत होता तेवढाच देशाच्या एका भागाला दुसऱ्या भागाशीही जोडत होता, आणि पुढे त्याच्यावर जे ओढवले त्याचे कारण यातच होते.

१९४७ च्या त्या पावसाळ्यात या वाटेने दोन्ही दिशांना निर्वासितांचे तांडे गेले. त्यानंतर आठ महिन्यांनी पाण्याचा प्रश्न उभा राहिला. १ एप्रिल १९४८ रोजी पूर्व पंजाबने माधोपूर आणि फिरोजपूर येथून पाकिस्तानात जाणारे कालव्यांचे पाणी थांबविले. पेरणीच्या तोंडावर दिपालपूर कालवा कोरडा पडला. ४ मे १९४८ रोजी दिल्लीत तडजोड झाली. परंतु शेतकऱ्याच्या मनात जी भीती एकदा बसली ती बसलीच. चिनाबचे पाणी रावीपलीकडे नेऊन दिपालपूर कालव्यापर्यंत पोहोचविण्यासाठी पाकिस्तानने लाहोरच्या पूर्वेकडून एक नवा कालवा काढला. भारतात तो इच्छोगिल कालवा या नावाने ओळखला जातो. १९६५ च्या युद्धात हाच कालवा लाहोरपुढचा खंदक ठरला. पाण्याच्या भीतीतून निघालेला कालवा तटबंदी होऊन बसतो, हे इतिहासात वारंवार घडत नसेल. येथे ते घडले. पुढे १९ सप्टेंबर १९६० रोजी सिंधू पाणीवाटप करार झाला, सतलज, बियास व रावी या नद्यांचे पाणी भारताच्या वाट्याला आले आणि हेडवर्क्सचा वाद कागदावर मिटला. हा करार पुढे तीन युद्धांतून टिकला. २३ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथील हत्याकांडानंतर भारताने तो स्थगित केला.

राजगुरूंच्या चितेची जागा कोणाकडे गेली, हाही प्रश्न होता. ती पाकिस्तानच्या ताब्यात होती. जानेवारी १९६० च्या सीमा-समझोत्यानंतर, १९६१ मध्ये, सुलेमानकी हेडवर्क्सजवळची बारा गावे देऊन भारताने ती जागा मिळविली. बारा गावे म्हणजे बारा गावांची शेते, विहिरी आणि माणसे. हा मोबदला लहान नव्हता. २० जुलै १९६५ रोजी दिल्लीत बटुकेश्वर दत्त यांचे निधन झाले. भगतसिंगांबरोबर मध्यवर्ती विधिमंडळात बाँब टाकणारे ते क्रांतिकारक. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांनाही हुसैनीवालालाच अग्नी देण्यात आला.

त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच तेथे तोफा धडधडू लागल्या. सप्टेंबर १९६५ मध्ये या पुलाचे आणि बंधाऱ्याचे रक्षण मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दुसऱ्या पलटणीकडे होते, आणि ‘हुसैनीवाला’ हा रणसन्मान त्या रेजिमेंटने मिळविला. राजगुरूंच्या चितेच्या जागेजवळ कोल्हापूर-साताऱ्याकडची मुले खंदकांत बसून लढली, ही घटना महाराष्ट्रातल्या शाळांमध्येही फारशी सांगितली जात नाही. १९७१ मध्ये मात्र पूल वाचला नाही. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानने येथे मोठा हल्ला चढविला. १५ पंजाब ही पलटण पलीकडील काठावर होती आणि तिची जबर हानी झाली. शत्रूला नदी ओलांडता येऊ नये म्हणून भारतीय सैन्याने पूल सुरुंगाने उडविला. पलीकडचा तुकडा आणि त्यातील स्मारक काही काळ पाकिस्तानच्या हाती गेले. ते परत मिळाल्यावर १९७३ मध्ये स्मारक पुन्हा उभारण्यात आले.

पूल १९७१ मध्ये उडविला गेला, असे आपण म्हणतो. परंतु वरील हकीकत नीट पाहिली तर पुलाचे काम त्याआधीच संपत आले होते. १९४७ मध्ये त्याच्यावरून पेशावरला जाणारी मेल थांबली. १९४८ मध्ये त्याच्या शेजारून जाणारे पाणी थांबले. १९६५ मध्ये त्याच्यावर तोफा रोखल्या गेल्या. साठच्या दशकात या वाटेने फळांनी लादलेले मालमोटारींचे तांडे येत, कंदाहारची द्राक्षे येत. नंतर तीही वाट वाघाकडे वळली. स्फोटाने जे खाली आले ते लोखंड होते. पुलावरून जे जात होते ते चोवीस वर्षांत थोडेथोडे करून आधीच नाहीसे झालेले होते.

जगात असे पूल आणखीही आहेत. झांबेझी नदीवर व्हिक्टोरिया धबधब्यासमोर १९०५ साली बांधलेला लोखंडी कमानीचा पूल आज झांबिया आणि झिम्बाब्वे यांना जोडतो. १९७३ मध्ये ऱ्होडेशियाच्या गोऱ्या सरकारने ही सीमा बंद केली. दोनच वर्षांनी, ऑगस्ट १९७५ मध्ये, इयान स्मिथ आणि आफ्रिकी राष्ट्रवादी नेते यांची बैठक त्याच पुलावर उभ्या केलेल्या रेल्वेच्या डब्यात झाली. डबा सीमेवर असा उभा केला होता की, कोणालाही आपला प्रदेश सोडावा लागू नये. बोलणी फिसकटली, पण पूल राहिला, आणि पुढे त्याच्यावरून गाड्याही गेल्या. आपल्याकडे उरी-मुझफ्फराबाद रस्त्यावरचा कमान पूल २००५ च्या एप्रिलमध्ये बससाठी खुला झाला. त्याच वर्षी ८ ऑक्टोबरच्या भूकंपात त्याला हानी पोहोचली, आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा उभा राहिला. २००८ पासून त्या वाटेने व्यापारही चालू झाला. एप्रिल २०१९ मध्ये तो थांबविण्यात आला. भूकंपाने पाडलेला पूल काही महिन्यांत उभा राहतो; थांबलेला व्यापार तितक्या लवकर उभा राहत नाही. त्रिपुरात फेणी नदीवरील मैत्री सेतूचे ९ मार्च २०२१ रोजी उद्घाटन झाले. सबरूम आणि बांगलादेशातील रामगढ यांना जोडणारा हा पूल सुमारे १.९ किलोमीटर लांब आहे आणि त्याच्यामुळे चितगावचे बंदर ईशान्य भारताच्या अगदी जवळ येते. परंतु उद्घाटनानंतरची पहिली काही वर्षे तरी त्यावरून मालाची नियमित ने-आण होऊ शकली नाही.

हुसैनीवालाच्या उडविलेल्या वाटेवर सैन्याने बराच काळ तात्पुरत्या लोखंडी पुलाने काम भागविले. ऑगस्ट २०१८ मध्ये तेथे २८० फुटांचा नवा पक्का पूल खुला झाला. सीमा सडक संघटनेने तो बांधला आणि तत्कालीन संरक्षणमंत्री निर्मला सीतारामन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. हा पूल दोन देशांना जोडत नाही. तो पलीकडचा भारतीय तुकडा आणि अलीकडचे फिरोजपूर यांना जोडतो. स्मारकाला जाणारी माणसे आणि पलीकडचे शेतकरी त्याचा उपयोग करतात. संध्याकाळी सीमेवर दोन्ही देशांचे ध्वज उतरविण्याचा सोहळा होतो, तो पाहण्यास येणाऱ्या लोकांचीही वाट हीच. वाघाच्या मानाने येथे गर्दी थोडी असते आणि प्रेक्षक एकमेकांना बरेच जवळून दिसतात.

रेल्वेचा रूळ फिरोजपूरहून हुसैनीवालापर्यंत अजून शाबूत आहे. एरवी त्यावरून प्रवासी गाडी जात नाही. दरवर्षी २३ मार्चला हुतात्मा दिनाच्या जत्रेसाठी, आणि एप्रिलमध्ये बैसाखीच्या दिवशी, रेल्वे या मार्गावर खास गाड्या सोडते. खेड्यापाड्यांतील माणसे शिदोरी बांधून त्या गाडीत बसतात, अर्ध्या तासात हुसैनीवालाला उतरतात, तिन्ही हुतात्म्यांच्या समाधीवर फुले वाहतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत येतात. समाधीवरील तीन नावांपैकी एक मराठी आहे.